‘मुक्ताईनगर’मध्ये अक्षरे किती? संदर्भदुवे तपासतानाचा अनुभव

मी जळगावला राहतो आणि केळीच्या व्यापाराला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम करतो. रावेर, यावल, सावदा या पट्ट्यातून बाहेर जाणाऱ्या केळीच्या खोक्यांवर शेतकऱ्याचे नाव, गाव आणि वजन छापलेली चिठ्ठी लावायची असते, आणि चिठ्ठीवर जागा थोडी असल्यामुळे लांब नाव कुठेतरी तोडावे लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या चिठ्ठ्यांवर ‘मुक्ताईनगर’ हे गाव ‘मुक्’ असे पाय मोडलेल्या अवस्थेत छापले गेले. ते दुरुस्त करण्याच्या खटपटीत मी मजकूर हाताळणाऱ्या एका मुक्तस्रोत लायब्ररीपर्यंत, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचापर्यंत, पोहोचलो. आधी तिचा नुसता वापरकर्ता होतो, नंतर बारीकसारीक दुरुस्त्या पाठवू लागलो, आणि गेली तीन वर्षे तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे वापराची माहिती देणाऱ्या पानांमध्ये, येणारे बदल तपासून स्वीकारण्याची किंवा परत पाठवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे.

गेल्या उन्हाळ्यात चोपड्याच्या एका विद्यार्थिनीने या प्रकल्पाकडे पहिलीच पुल रिक्वेस्ट (आपला बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवली. ती जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. तिने आमच्या ११ पानांमध्ये मिळून ४३ संदर्भदुवे घातले होते. आमची पाने वर्षानुवर्षे ‘यूटीएफ-८ मध्ये असे असते’, ‘युनिकोडच्या नियमानुसार तसे होते’ अशी विधाने करत आली होती. (युनिकोड म्हणजे लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारे मानक, आणि यूटीएफ-८ म्हणजे ते क्रमांक बाइटांत साठवण्याची पद्धत.) पण तो नियम कुठे लिहिला आहे हे एकाही पानावर सांगितलेले नव्हते. तिने नेमकी ही उणीव हेरली होती, आणि माझ्या मते त्या वर्षात डॉक्युमेंटेशनसाठी आलेला तो सर्वांत मोलाचा बदल होता.

अशा बदलांची तपासणी बहुतेक ठिकाणी घाईने उरकली जाते. कोडची एकही ओळ बदललेली नसते, सगळ्या चाचण्या हिरव्या दिसतात, डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या मजकुरातला फरक दाखवणाऱ्या पानावर, फक्त निळ्या अक्षरांची भर पडलेली असते, आणि तपासणारा दोन-चार दुवे उघडून संमती देऊन मोकळा होतो. मला हे पटत नाही. कोडमध्ये चूक राहिली तर आज ना उद्या काहीतरी मोडते आणि ती चूक उघडी पडते. चुकीच्या दुव्याने मात्र काहीच मोडत नाही. वाचक पुढे दुवा दिसतो म्हणून वाक्यावर विश्वास ठेवतो आणि बहुधा तो दुवा उघडतही नाही. माझे शिक्षण धुळ्याला झाले. तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात आम्हा मुलांना एकदा जुनी कागदपत्रे दाखवायला नेले होते. ज्यांच्या नावाने ती संस्था उभी आहे, ते इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळून मूळ कागद मिळवत असत. १९२६ साली त्यांचे निधन धुळ्यातच झाले. मूळ कागद स्वतः वाचल्याशिवाय त्याचा हवाला द्यायचा नाही, ही शिस्त तिथे ऐकलेली माझ्या मनात राहिली आहे, आणि ती सॉफ्टवेअरच्या पानांनाही लागू पडते असे मी मानतो. म्हणून मी ठरवले की ४३ च्या ४३ दुवे उघडायचे आणि दुवा ज्या वाक्याला जोडला आहे ते वाक्य समोर ठेवून तो मजकूर वाचायचा. दिवसा काम, मे महिन्याचे ऊन आणि अधूनमधून जाणारी वीज यांमुळे वेळ संध्याकाळचाच मिळत होता. त्याला आठ संध्याकाळी लागल्या.

पहिली संध्याकाळ यांत्रिक गोष्टींमध्ये गेली. आमची पाने स्फिंक्स या साधनाने तयार होतात आणि ती रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट या लेखनपद्धतीत लिहिलेली असतात. या पद्धतीत दुव्याचा मजकूर आणि पत्ता उलट्या अवतरणचिन्हांत लिहून त्यापुढे अधोरेखा द्यावी लागते. ती राहिली तर स्फिंक्स तक्रार करत नाही. दुवा तयार न होता तो सगळा मजकूर पत्त्यासकट तिरप्या अक्षरांत पानावर उमटतो. अशा तीन जागा डिफमध्ये नजरेतून सुटल्या होत्या आणि तयार झालेले पान ब्राउझरमध्ये पाहिल्यावरच सापडल्या. दोन ठिकाणी तिने मार्कडाउन या दुसऱ्या लेखनपद्धतीच्या सवयीने चौकोनी कंस वापरले होते, ते कंस पानावर जसेच्या तसे दिसत होते. एका पानावर एकाच मजकुराचे दोन दुवे वेगवेगळ्या पत्त्यांना जोडलेले होते, त्यावर मात्र स्फिंक्सने नाव दोनदा आल्याची सूचना दिली. तिथे एका अधोरेखेऐवजी दोन द्याव्या लागतात. तेव्हापासून मी दुव्यांच्या बदलात आधी तयार पान पाहतो आणि मग डिफ वाचतो.

त्यानंतर स्फिंक्समधली दुवे तपासण्याची सोय चालवली. ती प्रत्येक पत्त्यावर विनंती पाठवून उत्तर येते का ते पाहते आणि पत्त्यात पानातल्या विशिष्ट जागेची खूण असेल तर तीही शोधते. एका दुव्यावर ४०४ (पान सापडत नाही) आले, एका संकेतस्थळाने यंत्राकडून आलेली विनंती पाहून ४०३ (प्रवेश नाही) दिले पण ब्राउझरमध्ये ते पान नीट उघडले, आणि एका ठिकाणी दुसऱ्या पत्त्याकडे कायमचे वळवल्याचे कळले. बाकी सगळ्यांपुढे ‘ठीक’ असे आले. या ‘ठीक’चा अर्थ इतकाच की त्या पत्त्यावर काहीतरी आहे. तिथे काय लिहिले आहे, आपल्या वाक्याशी त्याचा संबंध आहे का, हे यंत्र सांगत नाही. आणि खरी अडचण पुढे निघाली ती याच ‘ठीक’ ठरलेल्या दुव्यांमध्ये.

तिसऱ्या संध्याकाळी मी यूटीएफ-८ च्या पानावर आलो. वाक्य असे होते की यूटीएफ-८ मध्ये एका कोड पॉइंटला, म्हणजे चिन्हाच्या एका युनिकोड क्रमांकाला, जास्तीत जास्त ४ बाइट लागतात आणि देवनागरीच्या मुख्य गटातल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. वाक्य बरोबर आहे. देवनागरीचा मुख्य गट युनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ या सोळाधारी क्रमांकांत येतो आणि त्या टप्प्यातल्या चिन्हांना ३ बाइटच लागतात. दुवा होता आरएफसी या, इंटरनेटचे तांत्रिक नियम सांगणाऱ्या मालिकेतल्या २२७९ क्रमांकाच्या दस्तऐवजाचा. दुवा उघडला, यूटीएफ-८ चीच व्याख्या तिथे होती, शीर्षकही जुळत होते, आणि थकलेल्या डोळ्यांनी मी तो मान्य करून पुढे जाण्याच्या बेतात होतो. मात्र तक्ता वाचल्यावर त्यात १ पासून ६ पर्यंत बाइट दिलेले दिसले. हा दस्तऐवज जानेवारी १९९८ चा आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये आरएफसी ३६२९ ने त्याची जागा घेतली आणि तेव्हा मर्यादा ४ बाइटांवर आणली गेली. आरएफसी एकदा प्रसिद्ध झाला की त्याचा मजकूर बदलत नाही आणि जुना दस्तऐवज काढूनही टाकला जात नाही; तो कोणत्या नव्या दस्तऐवजाने रद्द झाला, ही नोंद फक्त माहितीत दिसते. त्यामुळे असा दुवा कधीच तुटत नाही, यंत्र त्याला कायम ‘ठीक’ म्हणते, आणि आमचे बरोबर असलेले वाक्य त्याला खोटे ठरवणाऱ्या कागदाकडे बोट दाखवत राहिले असते. एखाद्या चिकित्सक वाचकाने तो दुवा उघडून ६ बाइट धरून आपला कोड लिहिला असता, तर त्याला दोष देता आला नसता.

चौथी संध्याकाळ माझ्यासाठी अवघड होती, कारण तिथे दुवा बरोबर होता आणि वाक्य चुकीचे होते. आणि ते वाक्य दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेले होते. विषय नॉर्मलायझेशनचा, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे साठवलेले एकच अक्षर एका ठरावीक रूपात आणण्याचा, होता. मराठीत ‘शेतकऱ्यांची’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: त्याला स्वतःचा एक कोड पॉइंट आहे, किंवा साधा ‘र’ आणि त्यापुढे नुक्त्याचे (अक्षराखालच्या टिंबाचे) चिन्ह असे दोन कोड पॉइंटही चालतात. दिसायला दोन्ही सारखे, पण यादीत शोध घेताना वेगळे. आमच्याकडे शेतकऱ्यांच्या याद्या वेगवेगळ्या कीबोर्डवरून टंकून आलेल्या असल्यामुळे हा घोळ मला चांगला परिचयाचा होता. एनएफसी नावाचे रूप घेतले की ‘र’ आणि नुक्ता मिळून एकच ‘ऱ’ होतो, हे मी करून पाहिले होते; आणि त्यावरून मी लिहून ठेवले होते की एनएफसी रूपात नुक्ता असलेले प्रत्येक देवनागरी अक्षर एका कोड पॉइंटमध्ये येते.

त्या वाक्याला तिने युनिकोडच्या १५ व्या परिशिष्टाचा दुवा जोडला होता, तोही थेट जोडणीतून वगळलेल्या चिन्हांच्या परिच्छेदाला. तो परिच्छेद वाचला आणि माझे वाक्य उभे राहू शकत नाही हे कळले. ‘ऩ’, ‘ऱ’ आणि ‘ऴ’ ही तीन अक्षरे एनएफसीमध्ये जोडली जातात. ‘क़’, ‘ख़’, ‘ग़’, ‘ज़’, ‘ड़’, ‘ढ़’, ‘फ़’, ‘य़’ ही आठ मात्र जोडणीतून मुद्दाम वगळलेली आहेत; इतकेच नव्हे, तर ती एका कोड पॉइंटच्या रूपात आली असतील तरी एनएफसी त्यांना फोडून अक्षर आणि नुक्ता असे दोन करते. मी मराठी माणूस, माझ्या याद्यांमध्ये ‘ऱ’ रोज येतो आणि ‘ज़’ सहसा येत नाही. एका अक्षरावरून मी सगळ्या लिपीविषयी नियम सांगून बसलो होतो. हिंदी आडनावांची यादी हाताळणाऱ्या कोणी त्या वाक्यावर विसंबून अक्षरांची लांबी मोजली असेल, तर त्याचे उत्तर चुकले असेल. दोन वर्षांत ही चूक कोणीही दाखवली नाही; दुवा जोडला गेला आणि तो वाचला गेला तेव्हाच ती समोर आली.

यानंतर प्रश्न आला तो पद्धतीचा. तिच्याच बदलात वाक्यही दुरुस्त करून टाकावे, असे दुसऱ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले, आणि सोयीच्या दृष्टीने ते ठीकही होते. मी ते मानले नाही. दुवे घालण्याच्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, विधान बदलले तर पुढे इतिहास पाहणाऱ्याला ते विधान का आणि कोणत्या आधाराने बदलले हे कळणार नाही. म्हणून मी माझ्या नावाने वेगळी कमिट केली, तिच्या संदेशात चूक काय होती ते स्पष्ट लिहिले, त्या आठ अक्षरांची चाचणी घातली, आणि ती मुख्य शाखेत, म्हणजे प्रकल्पाच्या मूळ प्रतीत, गेल्यावर विद्यार्थिनीला आपला बदल त्यावर आणून ठेवायला सांगितले.

एरवी आमचे तपासणीचे शेरे इंग्रजीत असतात. तोडक्या इंग्रजीत लिहिलेले शेरे फार कोरडे वाटतात, आणि पहिल्याच बदलावर वीसेक शेरे आलेले पाहून तिने काम सोडून दिले तर, अशी मला काळजी वाटली. म्हणून मी तिला विचारून फोन केला. सुरुवातीला ती ‘सर, माझं चुकलं का?’ असेच विचारत होती. मी तिला सांगितले, ‘ताई, चूक माझ्या वाक्यात होती आणि ती तुमच्या दुव्यामुळे सापडली, म्हणून तर फोन केला.’ मग ती मोकळेपणाने बोलू लागली आणि पुढच्या फोनपासून ‘दादा’ म्हणू लागली. त्याच बोलण्यात तिने कबूल केले की आरएफसी २२७९ तिने शोधयंत्रात आधी दिसला म्हणून घेतला होता, पूर्ण वाचला नव्हता; परिशिष्टे मात्र वाचली होती. हे प्रामाणिकपणे सांगितल्यामुळे कोणत्या दुव्यांवर जास्त वेळ द्यायचा ते मला कळले.

आणि मग तिने जे विचारले, त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. आमच्या पानावर नाव तोडण्याचे उदाहरण म्हणून मीच ‘मुक्ताईनगर’ हा शब्द घातला होता. तो १० कोड पॉइंटांचा, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये ३० बाइटांचा शब्द आहे. आणि वाचणाऱ्याला जे अक्षर एक वाटते अशा गटांत, म्हणजे ग्राफीम क्लस्टरमध्ये, आमची लायब्ररी त्याचे ७ तुकडे करते, असे तिथे लिहिले होते: मु, क्, ता, ई, न, ग, र. तिने या उदाहरणाला युनिकोडच्या २९ व्या परिशिष्टाचा दुवा दिला होता आणि तो पूर्ण वाचला होता. ती म्हणाली, ‘दादा, त्या पानावरच्या नियमाने मोजलं तर सहाच होतात. क्ता हा एकच तुकडा धरायला पाहिजे. मग आपलं पान चुकलं की माझी मोजणी चुकली?’

मी दोन दिवस मागितले आणि लायब्ररीतल्या तक्त्यांकडे गेलो. आमचे तुकडे पाडण्याचे तक्ते ज्या युनिकोड फाइलवरून तयार केलेले होते, तिच्या पहिल्या ओळीत आवृत्ती १५.० असे लिहिले होते. ही आवृत्ती सप्टेंबर २०२२ ची. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत भारतीय लिप्यांमधील जोडाक्षरांसाठी नवा नियम घालण्यात आला, आणि देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू व मल्याळम या लिप्यांमध्ये व्यंजन, हलन्त, व्यंजन अशी साखळी मध्ये न तोडता एकत्र ठेवायची असे ठरले. त्याआधीच्या नियमाने हलन्तानंतर तुकडा पडत असे. म्हणजे आमचे पान आमच्या कोडविषयी खरे सांगत होते, तिची मोजणीही खरी होती, आणि दुवाही खऱ्या पानाचा होता. फक्त तो आवृत्ती क्रमांक नसलेल्या पत्त्याचा होता, आणि असा पत्ता नेहमी सर्वांत नवे परिशिष्ट दाखवतो. मी हा दुवा घाईत उघडून ‘हो, २९ वे परिशिष्टच आहे’ म्हणून मान्य केला असता, तर ७ असे सांगणारे वाक्य ६ असे सांगणाऱ्या पानाचा हवाला देत उभे राहिले असते.

चिठ्ठीवरच्या ‘मुक्’चे मूळही हेच होते, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजले. दोन तुकड्यांनंतर तोडा असे सांगितले की जुन्या नियमाने ‘मुक्’ उरते आणि नव्या नियमाने ‘मुक्ता’. इतकी वर्षे मी त्या गावाच्या नावासाठी आमच्या चिठ्ठ्यांच्या कोडमध्ये वेगळी पळवाट ठेवली होती.

दुरुस्तीचा मोह मोठा होता, पण नवा नियम आणायचा तर केवळ तक्ते बदलून भागत नव्हते. त्या नियमाला लागणारा नवा गुणधर्म युनिकोडच्या वेगळ्या फाइलमध्ये दिलेला आहे, आम्ही ती फाइल वाचतच नव्हतो, आणि निकाल बदलल्यामुळे लायब्ररीवर विसंबलेल्या इतरांच्या मोजण्याही बदलणार होत्या. म्हणून दुव्यांच्या बदलात आम्ही एवढेच केले की परिशिष्टाचा १५.० शी जुळणारा, आवृत्ती बांधलेला पत्ता घातला आणि उदाहरणाखाली एक वाक्य जोडले की हे तुकडे युनिकोड १५.० नुसार आहेत. हाच निकष मग बाकीच्या दुव्यांना लावला. वाक्य आमच्या कोडच्या वागणुकीविषयी असेल तर दुवा त्या कोडने पाळलेल्या आवृत्तीचा. वाक्य वाचकाने आज काय करावे याविषयी असेल तर दुवा चालू पानाचा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनचे दुवेही असेच दोन गटांत विभागावे लागले, कारण तिथे ‘३’ एवढाच क्रमांक असलेला पत्ता पायथन ३ ची चालू आवृत्ती दाखवतो आणि ‘३.१२’ असा पत्ता त्या आवृत्तीवरच राहतो.

उरलेल्या गोष्टी भराभर झाल्या. आमच्याच दुसऱ्या पानांकडे नेणाऱ्या दुव्यांत तिने पूर्ण पत्ते लिहिले होते. त्याऐवजी स्फिंक्सच्या अंतर्गत खुणा वापरल्या, म्हणजे पान हलवले तर बांधणीच्या वेळीच सूचना मिळते. मूळ कोडच्या विशिष्ट ओळीचे दुवे मुख्य शाखेवरचे होते, ओळी सरकल्या की ते भलतीकडे जातात, म्हणून ते ठरावीक कमिटचे केले. ‘इथे पाहा’ असा मजकूर सहा ठिकाणी होता. स्क्रीन रीडर वापरणारे दृष्टिहीन वाचक पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी काढून ऐकतात, आणि त्या यादीत सहा वेळा ‘इथे पाहा’ ऐकू आले तर त्यातून काहीच कळत नाही. तिथे दस्तऐवजाचे नाव घातले. आठ दुवे काढून टाकले: पाच एकाच पानावर पुन्हा पुन्हा आलेले होते आणि तीन कोणाच्या तरी वैयक्तिक शिकवणीच्या पानांचे होते, ज्यांत मूळ दस्तऐवजातलेच सांगितले होते आणि तेही अर्धवट.

नवव्या दिवशी ३५ दुव्यांसह तो बदल मुख्य शाखेत गेला. १५.१ वर जाण्याचे काम आम्ही वेगळे नोंदवले होते. ते कोणी घ्यायचे यावर मी काही बोलण्याआधीच तिने त्याखाली ‘मी करते’ असे लिहिले. दिवाळीच्या सुट्टीत चोपड्याला घरी बसून तिने ते पूर्ण केले. त्या कमिटमध्ये नवे तक्ते आहेत, चाचण्यांमध्ये ‘मुक्ताईनगर’पुढचा ७ खोडून ६ केलेला आहे, पानावरच्या उदाहरणात ‘क्’ आणि ‘ता’ एकत्र आले आहेत, आणि मी न सांगता त्याच कमिटमध्ये परिशिष्टाच्या दुव्यातली आवृत्तीही बदललेली आहे. मी तो दुवा उघडला, नियम वाचला आणि संमती दिली. त्याच आठवड्यात आमच्या चिठ्ठ्यांच्या कोडमधली त्या गावासाठी ठेवलेली पळवाट मी काढून टाकली.